पिकअपच्या हौद्यावरील रॅकचे दिवे वारंवार बंद पडतात : दोष कुठे आणि कसा शोधावा

दिंडोरी, निफाड आणि नाशिक तालुक्यांत भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपच्या हौद्यावर चौकोनी पाइपांचा रॅक बसवून त्यावर दोन-चार एलईडी फोकस लावण्याची पद्धत आता सर्रास झाली आहे. अंधार पडल्यावर शेतात टोमॅटोच्या जाळ्या भरायच्या असतात, पहाटेच्या आत द्राक्षांची गाडी वाशीकडे काढायची असते, आणि कंपनीतून आलेल्या गाडीला हौद्यात उजेड पाडणारा दिवा नसतो. दिवे बसवण्याचे काम एका दुपारचे असते. त्यानंतरची तक्रार मात्र संपता संपत नाही. तिचे स्वरूपही ठरलेले असते. दिवे काही आठवडे उत्तम चालतात, पहिल्या जोराच्या पावसानंतर किंवा वॉशिंग सेंटरवर गाडी धुतल्यानंतर लुकलुकू लागतात, मग मंद होतात आणि शेवटी एक बाजू बंद पडते. नवा दिवा बसवला की काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते.

नवा दिवा बसवल्यावर उजेड परत येतो, म्हणून जुना दिवाच खराब होता असा समज होतो. प्रत्यक्षात दिवा बदलताना बोल्ट सोडून पुन्हा आवळला जातो, टेप उकलून जोड नव्याने पिळला जातो आणि त्या झटापटीत गंजाचा पापुद्रा निघून जातो. दुरुस्ती त्यामुळे होते, श्रेय दिव्याला मिळते, आणि जोड पुन्हा गंजेपर्यंतच ती टिकते. म्हणून काढलेला दिवा फेकून देण्यापूर्वी दोन वायरींनी थेट बॅटरीला लावून पाहावा. तो लख्ख पेटला, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि नव्या दिव्याचा खर्च वाया गेला आहे, हे तिथेच कळते.

तपासणीला हात घालण्यापूर्वी एकच गोष्ट पाहावी : फ्यूज शाबूत आहे की उडालेला आहे. फ्यूज शाबूत असताना दिवा मंद किंवा बंद असेल, तर वाटेत कुठेतरी प्रवाहाला अडथळा आहे. फ्यूज उडत असेल, तर प्रवाह कुठेतरी आडवाटेने जातो आहे किंवा दिव्यांचा भारच जास्त आहे. हे दोन दोष पूर्णपणे वेगळे आहेत आणि त्यांचा शोधही वेगळ्या रीतीने घ्यावा लागतो.

फ्यूज शाबूत, उजेड मंद

आमच्याकडच्या गाड्यांत सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच आहे आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये, म्हणजे प्रवाहाच्या बॅटरीकडे परतीच्या वाटेत असते. बसवणारा माणूस बॅटरीपासून दिव्यापर्यंत लाल वायर नीट ओढतो, पण काळी वायर मात्र दिव्याच्या बोल्टखाली रॅकलाच दाबून टाकतो, कारण रॅक लोखंडाचा आहे आणि लोखंडातून प्रवाह जातो. हा विचार चुकीचा नाही, अपुरा आहे. दिव्यापासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंतची परतीची वाट किती सांध्यांतून जाते ते मोजून पाहावे : दिव्याचा ब्रॅकेट, पावडर कोटिंग केलेला पाइप, रॅक आणि हौदा जोडणारे बोल्ट, त्यांच्याखाली खडखड थांबवण्यासाठी घातलेली रबरी पट्टी, हौदा आणि चासी यांच्यामधले रबरी किंवा लाकडी पॅकिंग, आणि अखेर चासीवरून बॅटरीकडे जाणारी मूळ अर्थची पट्टी. पावडर कोटिंग, रंग, रबर आणि लाकूड यांतून वीज वाहत नाही. सगळा प्रवाह बोल्टच्या आट्यांनी रंग खरवडून जिथे कोरे लोखंड उघडे केले असेल, तेवढ्याच चिमूटभर जागेतून जातो, आणि तिथे पाणी पोहोचले की गंजाला वेळ लागत नाही.

नाशिकच्या गाड्यांत हा गंज इतका लवकर का चढतो, याचे एक कारण हौद्यातल्या मालात आहे. द्राक्षबागेसाठी मोरचूद, पोटॅश, युरिया यांची पोती याच हौद्यातून जातात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचे ओलसर कण लोखंडावर पडले की लोखंड झिजते आणि त्यावर तांब्याचा थर बसतो. पोटॅशमध्ये क्लोराइड असते, युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. हा चुरा बोल्टच्या आजूबाजूला साचून राहतो. त्यात पावसाळ्यात इगतपुरी आणि कसारा घाटातून गाडी जात असेल, तर नाशिक शहरापेक्षा कितीतरी पटीने अधिक पाण्याशी तिची गाठ पडते. केवळ भाजीपाला वाहणाऱ्या गाडीत जे सांधे बरेच दिवस टिकतात, ते खताच्या गाडीत एका पावसाळ्यातही जातात, असे आमच्या पाहण्यात आहे.

वाईट अर्थिंगमुळे एलईडी दिवा नुसता मंद न होता लुकलुकतो, याचेही कारण सरळ आहे. दिव्यात ड्रायव्हर नावाचे लहान सर्किट असते आणि व्होल्टेज एका मर्यादेखाली गेले की ते स्वतःला बंद करते. दिवा बंद झाल्यावर प्रवाह थांबतो, प्रवाह थांबल्यावर गंजलेल्या सांध्यावरची व्होल्टेजची घट नाहीशी होते, दिव्याला पुन्हा पूर्ण व्होल्टेज मिळते, तो पेटतो आणि पेटताच पुन्हा घट सुरू होते. हे चक्र अखंड चालते. म्हणून एकसारखी लय धरून लुकलुकणारा दिवा हा बहुधा खराब दिवा नसून उपाशी दिवा असतो. खड्ड्यावर गाडी आदळल्यावरच जो विझतो, तो मात्र सैल जोडाकडे किंवा वायरीच्या आत तुटलेल्या तारेकडे बोट दाखवतो.

हे सिद्ध करण्यासाठी मल्टिमीटर पुरेसा आहे, पण तो योग्य रीतीने वापरला पाहिजे. पुष्कळ जण दिवे बंद ठेवून, मीटर ओहमवर लावून अर्थिंग तपासतात, शून्याच्या जवळचा आकडा पाहतात आणि अर्थिंग ठीक असल्याचे ठरवतात. मीटर त्या तपासणीत अगदी क्षीण प्रवाह सोडतो. वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तेवढा प्रवाह तिच्यातून विनासायास जातो. खरी परीक्षा दिवे चालू असताना, म्हणजे पूर्ण प्रवाह वाहत असतानाच होते.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, सगळे फोकस लावावेत आणि एकामागून एक चार मोजमापे घ्यावीत. पहिले, बॅटरीच्या दोन टोकांवर. दुसरे, दिव्याच्या दोन वायरींवर, शक्य तितक्या दिव्याजवळ. तिसरे, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून दिव्याच्या लाल वायरीपर्यंत. चौथे, दिव्याच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत. शेवटच्या दोन मोजमापांसाठी मीटरची एक वायर लांब करून घ्यावी लागते. त्यासाठी कोणतीही बारीक वायर चालते. उदाहरणादाखल, १८ वॅटचे चार फोकस म्हणजे ७२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ६ अँपिअर प्रवाह धरू. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, दिव्यावर १०.४ व्होल्ट, पॉझिटिव्ह बाजूची घट ०.४ आणि निगेटिव्ह बाजूची घट १.७ व्होल्ट, असे आकडे आले, तर हिशेब पूर्ण जुळतो आणि दोष कोणत्या बाजूला आहे याबद्दल वाद उरत नाही. त्या १.७ व्होल्टचा अर्थ असा, की अर्थच्या वाटेवर सुमारे १० वॅट उष्णता निर्माण होत आहे. ती एकाच सांध्यात होत असेल, तर काही मिनिटांनी तो सांधा हाताला कोमट लागतो.

पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत आणि निगेटिव्ह बाजूला ०.२ व्होल्टपर्यंत घट आम्ही चालवून घेतो. त्याहून अधिक आढळल्यास मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर कायम ठेवून दुसरे टोक चासी, हौदा, रॅकचा पाय, रॅकचा पाइप आणि दिव्याचा ब्रॅकेट असे क्रमाने सरकवत न्यावे. रंगावर टोक ठेवून उपयोग नाही, उघडे लोखंड हवे. ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम उडी घेतो, त्यांच्यामधला सांधा दोषी. मीटर नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी जाड वायर थेट दिव्याच्या काळ्या वायरीला टेकवावी. उजेड खाडकन वाढला, तर निदान झाले.

येथे एक फसवा प्रकार लक्षात ठेवावा. काही फोकसांत काळी वायर आतून दिव्याच्या धातूच्या खोक्याला जोडलेली असते, त्यामुळे काळ्या वायरीचा जोड पूर्ण तुटला तरी दिवा बोल्टमार्गे रॅकमधून अर्थ घेऊन चालू राहतो. कोरड्या दिवसांत काही जाणवत नाही, पण बोल्ट गंजला की एकाएकी दोष उभा राहतो आणि सगळे जण त्या दिवसाच्या पावसाला दोष देतात. दिवा सुटा करून, काळी वायर आणि खोके यांच्यामध्ये मीटरचा आवाज येतो का, एवढे पाहिल्यास हा संशय मिटतो.

घट पॉझिटिव्ह बाजूला असेल, तर वायरीची जाडी आधी पाहावी. बॅटरीपासून रॅकपर्यंत वळणे धरून सहा मीटर वायर सहज लागते. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक वायरीत एवढ्या लांबीला ६ अँपिअरवर सुमारे ०.७ व्होल्ट घट होते, २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत ती ०.३ व्होल्टच्या आत राहते. अर्थात वायर खरोखर तांब्याची असेल तरच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते. ब्लेडने तार खरवडली की आतून चंदेरी रंग दिसतो, आणि तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. मात्र तांब्याच्या तारेला कथिलाचा लेप असला, तरी ती बाहेरून चंदेरी दिसते, म्हणून खरवडल्याशिवाय किंवा कापलेले टोक पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

फ्यूज उडत असेल तर

एकामागून एक नवे फ्यूज घालत राहणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. त्याहून वाईट उपाय म्हणजे १० अँपिअरचा लाल फ्यूज उडतो म्हणून तिथे २० चा पिवळा किंवा ३० चा हिरवा घालणे. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसून वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो वायरीपेक्षा बलवान झाला, की दोषाच्या वेळी वायरच वितळते, आणि ती वायर डिझेलच्या नळीशेजारून गेलेली असू शकते.

आधी भाराची बेरीज करावी. मूळ चार फोकसांवर पुढे कोणी आणखी चार चढवले असतील, तर प्रवाह १२ अँपिअरवर गेला आणि १० चा फ्यूज उडणे रास्तच आहे. खोक्यावर छापलेले वॅट विश्वासार्ह असतातच असे नाही, म्हणून फ्यूजच्या जागी मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्टीवर लावून एकेका दिव्याचा प्रवाह मोजून घ्यावा.

भार बरोबर असूनही फ्यूज उडत असेल, तर सगळे दिवे कपलरमधून, म्हणजे वायरींच्या सुट्या होणाऱ्या जोडणीतून, वेगळे करावेत, फ्यूज काढावा आणि फ्यूजच्या दोन पिनांच्या जागी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा साधा बल्ब दोन वायरींनी जोडावा. स्विच चालू केल्यावर बल्ब विझलेला राहिला, तर वायर त्या क्षणी निर्दोष आहे. तो पूर्ण तेजाने पेटला, तर लाल वायर कुठेतरी लोखंडाला चिकटली आहे. या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जाऊ शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही आणि निवांतपणे शोध घेता येतो. एका माणसाने बल्बवर नजर ठेवावी आणि दुसऱ्याने वायर टोकापासून हलवत, दाबत, ओढत पुढे जावे. ज्या जागी हात लागताच बल्ब विझतो किंवा पेटतो, तिथली वायर उघडून पाहावी. फ्यूज फक्त भरलेल्या गाडीतच उडत असेल, तर हीच तपासणी हौद्यात वजन ठेवून करावी, कारण पाटे दबल्यावर वायरीची जागा बदलते.

वायर कुठे घासते याची ठिकाणे फारशी बदलत नाहीत. रॅकच्या पाइपला ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड रबरी ग्रोमेट नसेल तर ब्लेडसारखी काम करते. केबिन आणि हौदा चासीवर वेगवेगळे बसवलेले असल्याने खराब रस्त्यावर दोघे स्वतंत्रपणे हलतात, आणि त्यांच्यामधून ताणून नेलेली वायर तिथेच तुटते किंवा सोलली जाते. मागच्या फाळक्यावर दिवा असेल, तर बिजागरीपाशी रोजच्या उघडझापीने तारा आतल्या आत तुटतात. सायलेन्सरजवळून गेलेली वायर वितळते. फक्त पावसातच फ्यूज उडत असेल, तर पाणी साचणारा जोड किंवा पाइपच्या तळाशी पाण्यात बुडणारी सोललेली वायर शोधावी; चौकोनी पाइपच्या खालच्या टोकाला पाणी निघून जाण्यासाठी भोक नसेल, तर तो पाइप आतून पाण्याने भरतो.

फोकस लावला की रिव्हर्सचा दिवाही पेटतो

गिअर रिव्हर्सला टाकला की मागचा फोकस आपोआप लागावा आणि हवा तेव्हा स्विचनेही लागावा, अशी मागणी अनेक जण करतात. बसवणारा मग रिव्हर्स दिव्याची वायर आणि स्विचची वायर दोन्ही एकत्र करून रिलेच्या, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, कॉइलला देतो. परिणाम असा, की स्विच दाबताच प्रवाह उलट्या दिशेने रिव्हर्सच्या वायरीत शिरतो आणि पुढे जाणाऱ्या गाडीचा रिव्हर्स दिवा पेटतो. इथे दिवा, रिले, फ्यूज यांपैकी काहीच बिघडलेले नसते. दोन्ही वायरींत प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा एक-एक १एन४००७ डायोड घालावा, त्यावरची चंदेरी पट्टी रिलेच्या बाजूला ठेवावी आणि मगच त्या एकत्र कराव्यात. रिलेच्या कॉइलला साधारणपणे ०.२ अँपिअरच्या आतच प्रवाह लागतो आणि हा डायोड १ अँपिअरचा असतो, त्यामुळे तो पुरतो. रिलेच्या ८५ आणि ८६ या पिना कॉइलच्या, ३० ला बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी वायर आणि ८७ ला दिव्यांकडे जाणारी वायर, ही मांडणी बहुतेक रिलेंत सारखी असते. ८७ए या पिनेवर चुकून दिवे जोडल्यास स्विच बंद असताना ते पेटतात आणि सकाळी बॅटरी उतरलेली सापडते.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर किंचित उजळणे हा मात्र वेगळा प्रकार आहे. साधे बल्ब असलेल्या गाडीत मागच्या दिव्यांची सामाईक अर्थ तुटली, की प्रवाह शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. रॅकच्या दिव्यांची काळी वायर मूळ मागच्या दिव्याच्या अर्थला जोडली असेल, तर ती आधी तिथून काढावी. मूळ दिव्यांच्या वायरीवर काहीही टोचून जोडू नये, आणि २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत तर मुळीच नाही. तिथे दिव्यांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलकडे असू शकते, आणि जोडणीचा दोष शोधताना वॉरंटीचाही प्रश्न उभा राहतो.

हौद्यावरचे फोकस मूळ पार्किंग दिव्याच्या वायरीवर चालवणे आणखी एका कारणाने गैर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार ठरावीक अपवाद वगळता गाडीच्या मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा उजेड दाखवता येत नाही. रिव्हर्सचा पांढरा दिवा हा त्या अपवादांपैकी एक. म्हणून मालासाठीच्या फोकसला स्वतंत्र स्विच असावा आणि तो चालू असल्याचे केबिनमध्ये दिसावे. मुंबई-आग्रा महामार्गावर मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ७२ वॅट मारत जाणाऱ्या पिकअप रोज दिसतात, आणि त्यांतल्या निम्म्या चालकांना दिवे चालू असल्याचे ठाऊकही नसावे.

पुन्हा उघडावी लागू नये अशी जोडणी

रॅकला अर्थच्या वाटेतून पूर्णपणे वगळावे. प्रत्येक दिव्याची काळी वायर लाल वायरीइतक्याच जाडीची ठेवून, तिच्याच सोबत पुढे आणावी आणि चासीवरच्या कंपनीने दिलेल्या अर्थच्या बोल्टवर जोडावी. ज्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सर असतो, त्यांत थेट त्या टोकाला वायर लावू नये. बोल्टखालचा रंग खरवडून, क्रिंप केलेला, म्हणजे पकडीने वायरीवर दाबून बसवलेला गोल थिंबल आणि दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा थर द्यावा. फ्यूज बॅटरीपासून एक वीतभर अंतराच्या आतच असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीला कोणाचेच संरक्षण नसते.

पिळून टेप गुंडाळलेला जोड रॅकवर एकही ठेवू नये. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सुटतो आणि आत शिरलेले पाणी वायरीच्या तारांमधून हातभर आत ओढले जाते. कातडे सोलल्यावर तारा हिरव्या-काळ्या दिसतात त्या यामुळेच. अशी वायर काढून चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावी. जोड क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवावी. रॅक कधी काढावा लागत असेल, तर पाणीरोधक दोन-पिन कपलर घालावा, त्यात बॅटरीकडच्या बाजूला आत दडलेल्या पिनांचा भाग ठेवावा, आणि कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. दिवा घेताना आयपी६७ असे लिहिलेले पाहून निश्चिंत होऊ नये; ती कसोटी १ मीटर पाण्यात ३० मिनिटे बुडवण्याची आहे, वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची नाही. त्यासाठी आयपी६९के हा दर्जा असतो.

काम झाल्यावर वरची चार मोजमापे पुन्हा घ्यावीत आणि ते आकडे फ्यूजच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाच्या चिकटपट्टीवर लिहून ठेवावेत. मेच्या अखेरीस, पावसाच्या आधी, हीच मोजमापे परत घेतल्यावर निगेटिव्ह बाजूची घट लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा वाढलेली दिसली, तर दिव्याला हात न लावता आधी कपलर आणि मग चासीवरचा अर्थचा बोल्ट उघडून साफ करावा.